सारखी मुदत

सर्वांस सारखी मुदत दिली कीं न्याय झाला, ही समजूत परीक्षेच्या दालनांत जन्म घालविणाऱ्या आम्हां शिक्षकांच्या हाडींमासीं खिळलेली असते. ती तपासून पाहण्याजोगें एक उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. डीन केमन यांनीं १९८९ सालीं स्थापिलेल्या 'फर्स्ट' या संस्थेच्या यंत्रमानव-स्पर्धेंत खेळाचे नियम जानेवारींत जाहीर होत. शाळकरी मुलांच्या संघांनीं सुमारें सहा आठवड्यांत यंत्र बांधावें, मग तें पिशवींत घालून मोहोरबंद करावें, असा दंडक होता.

नियम दिसावयास निःपक्षपाती. पण झालें काय? ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांनीं तेंच यंत्र दोनदां बांधलें! एक पिशवींत निजलें आणि त्याच्या जुळ्या भावावर मुलांचा सराव चालूच राहिला. शिवाय, तीस पौंडांपर्यंत नवे घडविलेले भाग स्पर्धेच्या जागीं आणण्याची मुभा होतीच. ज्यांची ऐपत एकाच यंत्राची, त्यांनीं मात्र पिशवीकडे पाहात बसावें. मोहोर सर्वांवर सारखी, परंतु जखडी ती निर्धनालाच.

२०२० च्या हंगामापासून हा निर्बंध उठला, तें मला योग्य वाटतें. तथापि एक गोष्ट मनांत सलते. कार्यशाळेचें दार कोणत्या रात्रीं लावावयाचें, हें पूर्वीं नियम सांगे. आतां तें शिक्षकानें सांगावयाचें, आणि प्रतिस्पर्ध्याच्या शाळेंत दिवे जळत असतां मुलें त्याचें ऐकतीलच असें नाहीं.