व्हरांड्यातली पोरं

प्रश्न साधा आहे पण सोपा नाही. आपल्या लेकरांना वेगळं बसवून शिकवावं का?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा जोडायचा, हेच काम. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सुटलो की तोंड धुऊन वस्तीजवळच्या प्राथमिक शाळेत दोन तास जातो. पगार नाही, हुद्दा नाही. तिसरी-चौथीतली ‘मागं पडलेली’ पोरं गुरुजी माझ्याकडं सोपवतात. संध्याकाळी, पाळी बसेल तसा, विहारात वर्ग घेतो. माझी स्वतःची शाळा दहावीला सुटली. वाचायला खरं शिकलो ते नंतर, जयंतीतल्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभ्याउभ्या.

शाळेतली आमची जागा म्हणजे व्हरांडा. सतरंजी टाकायची, वीस पोरं घेऊन बसायचं. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना ध्यानात आलं. अकरा आमच्या वस्तीतली. पाच वडारांची. चार विडी वळणाऱ्या बायांची, घरात तेलुगू आणि पुस्तकात मराठी. आत बाकावर कोण, ते तुम्हाला सांगायला नको. जात विचारून कुणी बाहेर काढलं नव्हतं. वाचनाची चाचणी घेऊनच काढलं. गुरुजी माणूस वाईट नाहीत. तरी सतरंजीवर जातच बसली होती.

बाबासाहेबांनी आठवणींत लिहून ठेवलंय. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, गोणपाटाचा तुकडा आपला आपण न्यायचा, संध्याकाळी घरी आणायचा, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला शिवणार नाही. मग माझी सतरंजी काय वेगळी? बसवणारा आता आपलाच माणूस आहे, एवढाच फरक?

मंडळातले दोस्त दोन्हीकडून बोलतात. एक म्हणतो, तू महापालिकेचं काम फुकट उपसतोस, तू आहेस म्हणून साले निवांत आहेत, त्यापेक्षा मोर्चा काढ. दुसरा म्हणतो, शाळेचा नाद सोड, आपली पोरं आपण विहारात शिकवू. पहिल्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. पण मोर्चा निघून, निवेदन जाऊन, मास्तर येईपर्यंत तिसरीतलं पोर सातवीत जातं. त्याचं आठवं वर्ष कुणी परत देत नाही.

ह्या कामाची मोजणीही झालेली आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि बडोद्यात. ‘प्रथम’ संस्थेनं वस्तीतल्याच तरुण मुली ‘बालसखी’ म्हणून नेमल्या होत्या, महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांवर. तिसरी-चौथीतली मागं राहिलेली पंधरा-वीस पोरं त्या रोज दोन तास वेगळी घेऊन बसायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. (ह्या दोघांना पुढं २०१९ साली नोबेल मिळालं. बालसखीला काय मिळालं ते वर लिहिलंच आहे.) पोरं पुढं गेली, आणि सगळ्यात जास्त तळातली गेली. हे आपण मानलं पाहिजे, घोषणा देऊन आकडा खोटा पडत नाही. पण त्याच मोजणीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. बाहेरची पोरं उठून गेल्यावर आत गर्दी घटली, तरी आतल्यांचं काही वाढलं नाही. आणि बालसखी थांबल्यावर वर्षभरात मिळवलेलं बरंचसं विरून गेलं.

मला यातून दिसतं ते हे की खोट आतल्या वर्गात आहे. तिथं धडा पुरा करायचा असतो. पोर पुरं झालं का, हे कुणी विचारत नाही.

माझ्याकडं चौथीतली एक पोरगी आहे. आई विड्या वळते. कारखान्यात दिलेल्या विड्या, बाद केलेल्या विड्या, उरलेल्यांचा पैसा, सगळा हिशेब ती तोंडी करते. कागदावर वजाबाकी आली की हातच्याला अडते. म्हणून मी विड्यांचेच कट्टे मांडले. एक कट्टा फोडला, सुट्यात मिसळला. झालं. तिनं मान वर केली. “दादा, आतल्यास्नी पण विड्यांनीच शिकवतेत का?” म्हटलं, नाही. “मग त्यांना कसं कळतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. गुरुजींनाही देता येईल असं वाटत नाही.

वेगळं बसणं हे नेहमीच गोणपाट असतं असंही नाही. ह्याच सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेनं वसतिगृह काढलं. तेही वेगळंच होतं. पण तिथून पोरगं निघायचं ते हायस्कुलात जायचं. गोणपाटाला मात्र शेवटचा दिवस नव्हता. रोज न्यायचं, रोज आणायचं. म्हणून मी कसोटी लावतो ती हीच: सतरंजीवरून उठायची तारीख ठरली आहे का? ठरली नसेल, तर शिकवणारा विहारातला असो की विलायतेतला, ती अस्पृश्यताच.

दुसरी गोष्ट फुकटेपणाची. जोतीबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं मागितलं होतं, की प्राथमिक शाळेचे मास्तर शेतकरी वर्गातून घ्या, लोकांत मिसळणारे घ्या. पण शिकवून तयार केलेले घ्या, पगार वाढवून घ्या, असंही म्हटलं होतं. सेवाभाव मागितला नव्हता. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २४ आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत बघून लागेल तसं जादा शिकवणं, हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. म्हणजे व्हरांड्यात मी करतो ते दान नव्हे, समाजसेवा तर नव्हेच. दुसऱ्याच्या नावावरचं काम मी उसनं करतोय. उसन्याची वही ठेवावी लागते.

ती मी ठेवलीय. पोराचं नाव, काय वाचता येतं, मी किती तास दिले, आत परत जायची तारीख. तारखेला गुरुजींनी आईसमोर वाचून घ्यायचं. कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, एकूणात निम्म्या बाया. आमच्या समितीतल्या बाया आजवर नुसत्या सहीला जायच्या. गेल्या बैठकीत वही टेबलावर ठेवली ती त्यांनी. मुख्याध्यापिका बाई जरा घुश्शातच म्हणाल्या, “हे कशाला आता?” पण वाचली. आजवर नऊ पोरं आत गेली. दोन परत आली, कारण आत पुन्हा तोच फळा. तेव्हा आम्ही आता मागतोय की दोन तासांतला एक तास मी आतच बसणार, सगळ्यांत, गुरुजींच्या समोर. गुरुजी अजून हो म्हणाले नाहीत. बाया पुढच्या बैठकीत पुन्हा विचारणार आहेत.

ज्यांच्या वस्तीत शाळा आहे त्यांनी वहीचा नमुना उतरवून न्यावा. ह्या आठवड्यात पहिली पाळी आहे, विहारात संध्याकाळी सातनंतर भेटेन. वर्ग चालू असेल, मागं बसा.