खोगीर उतरवण्याची वेळ

२०२२च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातला ‘विराट’ हा घोडा निवृत्त झाला. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांनी त्याला थोपटून निरोप दिला. तेरा संचलनांत चाललेल्या विराटच्या पुढच्या चंदीची काळजी कुणाला नव्हती, कारण त्याच्यामागे अख्खं दल होतं. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या घोड्यामागे एकच कुटुंब असतं. ते त्याच्या पाठीवर जगतं, आणि ‘आता पुरे’ हेही त्या कुटुंबालाच म्हणावं लागतं.

दात पाहून घोड्याचं वय कळतं, पण त्याच्यात किती जोर उरलाय ते कळत नाही. एखादा विशीतही हसत चढ चढतो, दुसरा पंधराव्या वर्षीच थकतो. त्यातून घोडा दुखणं लपवतो. कळपात लंगडणाराच आधी शिकार होतो, ही भीती त्याच्या रक्तात आहे. म्हणून खुणा बारीक असतात: उतारावर पाऊल आखूड पडतं, तंग आवळताना कान मागे जातात, चंदी तोंडातून सांडते, खरारा करताना पाठ आक्रसते. रोज खरारा करणाऱ्या हाताला हे सगळ्यांत आधी समजतं. तो हात निर्दय नसतो. पण समोर मे महिन्याचा हंगाम असतो आणि घरात फी भरायची असते. मग ‘एवढा हंगाम जाऊ दे’ असं ठरतं.

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६०चा कायदा वयामुळे अक्षम झालेल्या जनावराला कामाला जुंपणं गुन्हा मानतो. उपासमार होईल असं त्याला सोडून देणंही गुन्हाच. पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यानं कुणाचा हिशेब बदलणार?

मला वाटतं, घोडा अडखळण्याची वाट न पाहता त्याआधीच खोगीर उतरवावं. आधी मोठी माणसं बंद, मग फक्त लहान मुलांची छोटी फेरी, मग नुसतं मोकळं फिरणं; कारण एकदम बांधून ठेवला तर सांधे आणखी आखडतात. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे बिनकमाईची कितीतरी वर्षं पोसायची. तो पैसा त्याच्या कमाईच्या काळातच बाजूला पडायला हवा, आणि तो आपण पर्यटकांनी दिलेल्या भाड्यातूनच येणार. त्यामुळे नाक्यावर घासाघीस करू नये, घोड्याचं वय विचारावं, आणि आपलं वजन त्याला जड असेल तर सरळ चालत जावं.