उंदराची भीती



आपल्या धर्मग्रामातील काही मुलेमुली फार्मसी शिकतात. औषधाच्या चाचणीसाठी उंदीर वापरणे पाप आहे का, असे त्यांच्यापैकी काहींनी विचारले. आधी प्रयोग कसा असतो ते पाहू.

अधिक चिन्हाच्या आकाराची फळी जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच ठेवतात. तिच्या दोन फाट्यांना भिंती असतात, दोन उघडे. उंदराला मध्यभागी सोडून पाच मिनिटे निरखतात. घाबरलेला उंदीर भिंतीचा आडोसा धरतो. भीती उतरली की उघड्या फाट्यांवर फिरू लागतो. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी अश्वगंधेच्या मुळातील द्रव्ये उंदरांना पाच दिवस देऊन ही परीक्षा घेतली. त्यांचा गुण लोराझेपाम या चिंताशामक औषधाच्या तोडीचा आढळला. ते संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले.

आता विचार करा. उंदराच्या आणि आपल्या भीतीत काहीच साम्य नसेल, तर हा खटाटोप व्यर्थ. साम्य असेल, तर त्या फळीवर खरोखर एक जीव घाबरलेला आहे. देकार्तने प्राण्यांना यंत्रे ठरवले. त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी भय हा माणूस व प्राणी दोघांतही असलेला भाव मानला होता. मला संत थॉमस पटतात. दिवाळीच्या फटाक्यांनी खाटेखाली दडलेला कुत्रा ज्याने पाहिला, त्यालाही पटावेत.

ख्रिस्तसभा अशा प्रयोगांना मनाई करत नाही. ते वाजवी मर्यादेत असावेत, माणसाची शुश्रूषा करण्यास वा जीव वाचवण्यास उपयोगी पडावेत, असे कॅटेकिझम सांगते (क्र. २४१७). रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी औषध शोधणे हे दयेचेच काम. ते पाप नव्हे.

मात्र प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हेही तिथेच लिहिले आहे (क्र. २४१८). अश्वगंधेच्या चाचण्या आता माणसांवरही झाल्या आहेत. तरी तेच झाड, तोच अर्क, तीच फळी, आणि प्रबंधाची पाने भरावीत म्हणून उंदरांची आणखी एक तुकडी! यात कोणाचे दुःख हलके होते? १९६० च्या कायद्यानेही टाळता येण्याजोगे प्रयोग टाळावेत असेच म्हटले आहे. समितीची परवानगी लागते खरी, पण समितीच्या सहीने आपली सदसद्विवेकबुद्धी सुटीवर जात नाही. हे आधी कोणी केले आहे का, कमी उंदरांत भागेल का, हे विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकाला विचारावे. सर रागावतील. कदाचित विषय बदलावा लागेल आणि सहा महिने जातील.