जंगल चालून येते तेव्हा

'तकदीरमध्येच होते' असे म्हणून माणूस किती सहज स्वतःची सुटका करून घेतो! शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' नेमके इथेच बोट ठेवते. शिरवाडकरांनी त्यावरून 'राजमुकुट' लिहिले, विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'ने २००३ साली ते मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणले. पण त्याआधी, १९५७ साली, जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने त्यावर 'थ्रोन ऑफ ब्लड' काढला होता.

त्यात वाशिझू या सरदाराला जंगलातली चेटकीण सांगते, तू गढीचा धनी होशील. धन्याला मार, असे ती म्हणत नाही. बायको भरीस घालते, हात वाशिझूचा उठतो. त्याच्या सोबत्यालाही, मिकीलाही, भविष्य सांगितलेले असते. तो खून करीत नाही. तकदीर फार तर गादी दाखवते, तिथवरची वाट नियत ठरवते.

जंगल चालून येईपर्यंत हार नाही, या भरवशावर वाशिझू निर्धास्त असतो. शत्रू झाडे तोडून त्यांच्या आडोशाने येतो. मूळ नाटकात मॅकडफ त्याला मारतो. इथे त्याचेच शिपाई बाणांनी त्याची चाळण करतात. याला इन्साफ म्हणावे काय? कालपर्यंत तेच त्याचा हुकूम पाळत होते. गुन्हा जुनाच होता, फक्त आता तो हरत होता.

हेमलकशाच्या रानात झाडे चालत नाहीत, माणसेच ती तोडून नेतात. आजारपण हे माडियांचे नशीबच, असे मानले असते तर १९७३ साली सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना उभाच राहिला नसता. तकदीर जरूर मानावी. तिच्या आड लपू नये.