पाठीमागचा मिना

जयपुरी हार उलटा करून पाहिला की समीक्षकाला अडचणीत टाकणारा एक प्रश्न उभा राहतो. दर्शनी बाजूस कुंदनात बसवलेली रत्ने असतात. मागल्या, गळ्याला टेकणाऱ्या बाजूस पांढऱ्या भूमीवर तांबडी फुले आणि हिरवी पाने असा सबंध मिना असतो. ही बाजू कोणासाठी?

आस्वादकाच्या प्रत्ययातच कलाकृती पूर्ण होते, हे आपल्या समीक्षेत आता जवळजवळ गृहीत धरले जाते. मग हा मिना बहुतेक काळ अपूर्णच असतो काय? उपयुक्ततावादी उत्तर तयारच असते. शुद्ध सोने मऊ असल्याने अंगावर झिजते. काचेचा थर त्याला राखतो. तांब्याच्या पत्र्यावर तर मागून लेप देणे बहुधा भागच असते, कारण निवताना काच आणि धातू सारखे आकुंचन पावत नाहीत. थर एकाच बाजूस असला तर पत्रा वाकतो, काच तडकते. परंतु त्यासाठी उरलासुरला कोणताही रंग चालतो. उपयोगाने थराचे समर्थन होते, फुलाचे होत नाही.

आणि फूल स्वस्त नसते. सोन्यात घरे कोरायची, त्यांत धातूंच्या भस्मांनी रंगवलेल्या काचेची ओली पूड भरायची, सुमारे ८०० अंश सेल्सियसला ती वितळवायची. अधिक ताव सोसणारा पांढरा आधी, नाजूक तांबडा सर्वांत शेवटी.

मर्ढेकरांची लयमीमांसा (‘सौंदर्य आणि साहित्य’, १९५५) येथे काहीशी उपयोगी पडते. संवाद, विरोध, समतोल हे संबंध रचनेत असतात. पाहणाऱ्यांच्या संख्येवर ते अवलंबून नसतात. मात्र हे श्रम का घेतले गेले, याचे उत्तर तीत नाही. ‘निष्काम साधना’ हे उत्तर मला संशयास्पद वाटते. मीनाकार मजुरीवर काम करी, आणि त्याच्या निष्कामतेचे कौतुक मजुरी न देणाऱ्यांनाच अधिक सुचते.

हार घालणारीला मात्र मागचे फूल ठाऊक असते. घालताना, उतरवताना ते क्षणभर दिसते. उरलेला वेळ ते न दिसता तिच्याजवळ असते. प्रत्यय म्हणजे दर्शनच, असे मानणाऱ्या आपल्या सिद्धान्ताला हे जाणणे कोठे बसवावे, ते सुचत नाही. संग्रहालयात कधी अशा हाराखाली आरसा ठेवतात. मग मागचा मिना सर्वांनाच दिसू लागतो, आणि ज्या एकीला तो न पाहता ठाऊक होता, ती तेथे नसते.