सांत्वन शिकावे लागते

मराठी ख्रिस्ती मंडळीत धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात. रविवारच्या उपदेशासाठी पाळक आठवडाभर तयारी करतो. दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसण्याची तयारी मात्र तो कुठे करतो? अंगी माया असली की ते आपोआप जमते, असे आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. ते शिकावे लागते, आणि शिकण्याची रीत शंभर वर्षांपूर्वीच सापडली आहे.

ती सापडली एका रुग्णाला. अँटन बॉइसन हे अमेरिकन धर्मोपदेशक १९२० मध्ये तीव्र मानसिक आजाराने मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर १९२४ मध्ये ते वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लिन, म्हणजे रुग्णालयातले धर्मसेवक, झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे आणले. दिवसा वॉर्डात परिचराचे काम आणि संध्याकाळी चर्चा, असा त्यांचा क्रम असे. पवित्र ग्रंथ जितक्या बारकाईने वाचतो तितक्याच बारकाईने दुःखी माणूस वाचावा, ही बॉइसन यांची धारणा होती. त्याच वर्षी बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी, वैद्यकाप्रमाणेच धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही प्रत्यक्ष सेवेचे एक वर्ष असावे, अशी मागणी केली.

पुढे कॅबट यांचे सहकारी रसेल डिक्स यांनी रुग्णाशी झालेले बोलणे आठवून शब्दशः लिहून काढण्याची सवय रुजवली. ‘व्हर्बेटिम’ या नावाने ती आजही प्रशिक्षणाचा कणा आहे. ती काय साधते, ते एका कल्पित प्रसंगातून पाहू. आजारी बाई म्हणते, “पाळकसाहेब, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.” पाळक म्हणतो, “देवावर भार टाका, बाई. सगळं नीट होईल.” मग प्रार्थना होते आणि भेट संपते. हेच दोन ओळींत लिहून चार सहकाऱ्यांपुढे वाचले की कोणीतरी विचारते, “झोप का लागत नाही, हे विचारलं का?” तेव्हा पाळकाला उमगते की त्या वाक्याने बाईची नव्हे, आपली अस्वस्थता शमली.

असे शिक्षण पाळकाला मानसोपचारतज्ज्ञ बनवील, ही शंका रास्त आहे. पण चांगले प्रशिक्षण आपल्या कामाची हद्दही शिकवते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकली तर एकट्याने प्रार्थना करून परतू नये, डॉक्टरांना गाठावे. आणि जिथे सगळेच एकमेकांचे सोयरे, त्या लहान मंडळीत कानावर आलेले गुपित प्रार्थनेच्या विनंतीच्या रूपानेही बाहेर जाऊ देऊ नये.

हे काम एकट्या पाळकाचेही नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टीफन मिनिस्ट्री’त मंडळीतले सामान्य सभासद सुमारे पन्नास तासांचे प्रशिक्षण घेतात आणि नंतरही नियमित एकत्र बसून आपले काम तपासतात. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना शिकवूनच घरोघरची परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर) उभी राहिली. तिथे धर्माचे बंधन नाही, पण शिकल्याशिवाय खाटेपाशी जायचे नाही, ही शिस्त तीच.

आपल्याकडे सुरुवातीला मोठी संस्था नको. महिन्यातून एक संध्याकाळ पाळक, मंडळीचे वडील आणि घरभेटी देणाऱ्या बहिणींनी जाणत्या मार्गदर्शकासोबत बसावे, नावे झाकून लिहिलेली एक भेट वाचावी आणि आपण कुठे घाईने बोललो ते शोधावे. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे सोबती होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले, तिथे ते चुकले.

त्या बाईला कदाचित एवढेच सांगायचे होते, “माझ्यामागे पोरीचं कोण?” याला उत्तर कोणाजवळच नाही. पण तो प्रश्न तिने एकटीने उशीत दाबून ठेवू नये, एवढी तयारी करणे आपल्या हातात आहे.