रिकाम्या पोकळीची साक्ष

मोटारीखाली सापडलेल्या कुत्र्याच्या पायातील हाडाचा चुरा झाला, किंवा अर्बुद काढताना शल्यविशारदाला हाडाचा एक भागच कापून टाकावा लागला, म्हणजे मागे उरणारी पोकळी कशाने भरावी, हा पशुवैद्यकापुढील प्रश्न पुष्कळ जुना आहे. त्यावर आजही सर्वांत भरवशाचे द्रव्य म्हणजे त्याच जनावराच्या बाहूच्या वरच्या टोकातून अथवा कटिभागातून खरवडून घेतलेले जाळीदार हाड होय. कारण जिवंत अस्थिपेशी, आसपासच्या पेशींना अस्थिनिर्मितीस प्रवृत्त करणारी प्रथिने आणि नव्या हाडाला पसरावयास लागणारा सांगाडा, ही तिन्ही त्यात एकत्र नांदतात. परंतु त्यासाठी जनावराला दुसरी जखम करावी लागते, आणि लहान कुत्र्याच्या किंवा मांजराच्या अंगात असे हाड पुरेसे निघत नाही. म्हणूनच अस्थिपूरकांचा शोध सुरू झाला.

१८९२ साली ड्रेसमान याने मानवी रुग्णांच्या हाडांतील पोकळ्यांत प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरले. ते काही आठवड्यांतच विरघळते, म्हणजे पुष्कळदा नवे हाड येऊन पोहोचण्यापूर्वीच. याच्या उलट, दाट भाजलेले हायड्रॉक्सीअपेटाइट वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोहोंच्या दरम्यान पडते. ही तिन्ही द्रव्ये केवळ सांगाडा पुरवितात. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले की आम्लाने क्षार काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले असता तेथे, जिथे हाडाचे नावही नसते तिथे, नवे हाड तयार होते. हे सामर्थ्य क्षारांत नसून प्रथिनांत आहे. तेव्हा ज्यांची कामेच भिन्न, त्या द्रव्यांना एका रांगेत उभे करून त्यांतील श्रेष्ठ कोण, असा निवाडा मागणे मला मुळातच गैर वाटते.

हा मुकाबला बहुधा सशाच्या पुढच्या पायात लावला जातो, आणि त्याला सबळ कारण आहे: सशाची अग्रबाहूतील दोन हाडे एकमेकांना इतकी घट्ट बांधलेली असतात, की एकातील तुकडा कापून काढला तरी दुसरे भार सांभाळते व धातूची पट्टी लावावी लागत नाही. मात्र याच सोयीमुळे पोकळीत भरलेल्या द्रव्यावर खरा भार येतच नाही. शिवाय फट लहान ठेवली, किंवा हाडावरचे पातळ आवरण शाबूत राहू दिले, तर ससा ती स्वतःच भरून काढतो आणि श्रेय मात्र द्रव्याच्या खात्यावर जमा होते. जी पोकळी त्या प्राण्याच्या हयातीत आपण होऊन भरणार नाही, तिच्यातील लहानात लहान आकार कोणता, हे त्या त्या हाडासाठी व त्या त्या प्राण्यासाठी ठरविले पाहिजे, असा दंडक श्मिट्झ आणि हॉलिंजर यांनी १९८६ साली घालून दिला. तो न पाळता केलेल्या प्रयोगात सशाचा जीव जातो आणि ज्ञानात कणभरही भर पडत नाही. याला मी प्राण्यावरील अन्यायच म्हणतो.

पुराव्याचीही तीच कथा. हायड्रॉक्सीअपेटाइट मूळचेच खनिज असल्यामुळे क्ष-किरणचित्रात पांढरे शुभ्र दिसते, आणि पाहणाऱ्याला पोकळी हाडाने भरल्याचा भास होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच जागी कणांभोवती नुसते तंतुमय ऊतक आढळू शकते.

आणि निष्कर्ष शेवटी लागू करावयाचा कोणाला? पॉमेरेनियनसारख्या चिमुकल्या कुत्र्यांचे मनगटाजवळचे हाड मोडले, तर तेथील तुटपुंज्या रक्तपुरवठ्यामुळे ते जुळता जुळत नाही. तेथे सांगाड्यापेक्षा रक्त व पेशी यांची निकड अधिक, आणि शिवाय हाड पक्के स्थिर ठेवणेही भाग असते. अशा रुग्णासाठी सशावरील दाखला पुढे करणाऱ्याकडून मी निदान एवढे मागेन: काहीही न भरलेल्या पोकळीचा एक गट, स्वतःच्या हाडाने भरलेल्या पोकळीचा दुसरा, आणि क्ष-किरणांच्या जोडीला ऊतकाचा छेद व हाड वाकवून घेतलेली बळकटीची परीक्षा.